खाडीची ओटी

माझ्या सख्ख्या काकांना गोराईच्या खाडीत ढकलून द्यावं असं मला ज्या रविवारी मनापासून वाटलं, तो रविवार खरं तर आईच्या हौसेचा होता. मी ढकललं नाही, कारण त्यांना पोहता येतं. तो दिवस आठवला की अजूनही माझी कानशिलं तापतात. मैत्रिणी म्हणतात, सोड ना यार, म्हातारा माणूस आहे, जुन्या वळणाचा आहे. का म्हणून सोडू? जुन्या वळणाची माझी आईपण आहे. तिने कधी कुणाला मागच्या बाकावर बसवलं नाही.

आई मालवणकडची. तिचं माहेर खाडीच्या इतकं काठावर की भरतीचं पाणी मागच्या पायरीला लागायचं. लग्न होऊन आली ती थेट गिरणगावातल्या खोलीत. पुढे गिरणी बंद पडली, बाबांना मरोळच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली आणि आम्ही बोरिवलीला, गोराईच्या वसाहतीत राहायला आलो. बाबांना जागा आवडली नव्हती, स्टेशन लांब म्हणून. आईने गॅलरीतून पलीकडची तिवरांची हिरवी रेघ बघितली आणि म्हणाली, खाडी आहे ना, मग झालं तर.

आईच्या माहेरी एक रीत होती. पाण्यावर पाय ठेवायच्या आधी पाण्याची ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हिरव्या काचेच्या बांगड्या, हळद-कुंकू. ही रीत तिने बोरिवलीत आणली. दर नारळी पौर्णिमेला ती आणि बाबा जेट्टीवर जायचे. ओटी आई भरायची आणि गाऱ्हाणं बाबा घालायचे. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काहीच होत नाही. घरातल्या मोठ्या पुरुषाने उभं राहून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बाबांनी गणपतीत गाऱ्हाणं घातलं, माझ्या बारावीच्या निकालाला घातलं, घरात पहिला फ्रिज आला तेव्हा फ्रिजसमोरसुद्धा घातलं. आम्ही हसू दाबत व्हय म्हाराजा म्हटलं होतं. तो फ्रिज अजून चालतोय.

बाबा गेले. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आई जेट्टीवर गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे दुखत नव्हते. लिफ्ट बंद होती तेव्हा हीच बाई भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती आणि वर येऊन मलाच पाणी देत होती. मला समजलं होतं आणि तिलाही समजलं होतं की मला समजलंय, पण आमच्याकडे अशा गोष्टी कुणी बोलत नाही. पुढच्या वर्षीही तेच झालं. त्या दिवशी ती नारळीभात करून गॅलरीत उभी राहिली आणि लांबून तिवरांकडे बघत राहिली.

मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली की इतकी वर्षं या खाडीजवळ काढली, पण खाडीच्या आत काय आहे ते कधी बघितलंच नाही. फेरीतून पलीकडे गेलो, परत आलो, बस. आत फाटे असतील, त्या फाट्यांना फाटे असतील, आमच्या गावी होते तसे. तिच्या तोंडून ‘मला पाहिजे’ हे शब्द निघत नाहीत, त्यामुळे हीच तिची मागणी समजायची. मी जेट्टीवर जाऊन एका होडीवाल्या दादांशी बोलले. ते तिथल्याच कोळीवाड्यातले. म्हणाले, भरतीला नेतो, आतपर्यंत नेतो, पण पाणी उतरायला लागलं की परत. दिवाळीनंतरचा एक रविवार ठरला.

आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आई जमिनीवर बसून ओटीची तयारी करत होती. हिरवा खण, नारळ, पुरचुंडीत तांदूळ, कुंकवाचा करंडा. बांगड्या तिने स्वतः बाजारात जाऊन आणल्या होत्या. ती एकेक वस्तू पुसून कापडी पिशवीत ठेवत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ‘भरू ना गं मी?’ तिने मान वर न करता विचारलं. मी म्हटलं, तू नाही भरणार तर काय मी भरणार? मला तर नारळ कुठल्या हातात धरायचा तेही माहीत नाही. ती हसली आणि पिशवीला गाठ मारली.

आणि इथे माझ्या धाकट्या भावाने माती खाल्ली. तो घाटकोपरला राहतो. त्याला मी फक्त सांगितलं होतं की रविवारी आईला खाडीत नेतेय, तुम्ही दोघं येणार का. त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. मुलुंडहून काकांचा लगेच फोन. अरे वा, झकास, आम्हीही येतो, आणि आता दादा नाही तर गाऱ्हाणं मीच घालीन, घरात मोठा आता मीच. काका सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले. बाबा होते तोवर हा माणूस कोपऱ्यात पेपर वाचत बसायचा. बाबा गेले आणि याची छाती दोन इंच पुढे आली. वर्षश्राद्धाला आचाऱ्याला मीठ किती घालायचं तेही हेच सांगत होते.

रविवारी सगळे जेट्टीवर जमलो. स्कूटरवाले फेरीत चढत होते, पर्यटकांचे घोळके, मासळीच्या टोपल्या, नेहमीची झुंबड. आईने फिकट हिरवी साडी नेसली होती. पिशवी तिने पोटाशी धरली होती. काकांनी इकडेतिकडे बघितलं, म्हणाले इथे फार घाण आहे, ओटी आत स्वच्छ पाण्यात भरू. तेही ठीक. मग त्यांनी हात पुढे करून आईच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि माझ्या भावजयीच्या हातात दिली.

‘वहिनी, तुम्ही मागे बसा इंजिनाजवळ,’ ते म्हणाले. ‘ओटी सूनबाई भरेल. सवाष्णीचं काम आहे.’

अगदी सहज म्हणाले, खिडकी लावून घ्या म्हणावं तसं. मी भावाकडे बघितलं. तो फोनमध्ये. भावजय बिचारी पिशवी हातात घेऊन उभी, तिला धड परत देता येईना, धड धरता येईना. मी तोंड उघडलं. मी म्हटलं, काका, ही रीत आणली कुणी, तुम्ही की आईने? तुमच्या जन्मात तुम्ही खाडीला एक तांदूळ तरी वाहिलाय का? ही ओटी तिची आहे, पिशवी परत द्या. मी बरंच बोलले. फेरीतले लोक बघायला लागले. काका म्हणाले, तुझं लग्न झालेलं नाही, तुला या गोष्टी कळायच्या नाहीत. हे मी न केलेल्या लग्नाचं तुणतुणं त्यांच्याकडे कायम सुरात लावलेलं असतं.

आणि आई काय म्हणाली? ‘असू दे गं.’ एवढंच म्हणाली, पदर सावरला आणि मागे जाऊन बसली. डिझेलच्या वासात, इंजिनाच्या धडधडीत, ओल्या दोरखंडांच्या वेटोळ्यावर. खरं सांगते, त्या क्षणी मला काकांपेक्षा जास्त राग आईचा आला. मी इथे गाव जमा करून भांडतेय आणि ही बाई असू दे म्हणते. अशी कितीदा असू दे म्हणाली असेल ही आयुष्यात? मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

होडी निघाली. सुरुवातीला खाडी रुंद आणि मळकट होती, पलीकडच्या काठावर लांब पॅगोडाचा सोनेरी घुमट चमकत होता. थोड्या वेळाने दादांनी होडी उजवीकडे वळवली आणि बोरिवली मागे पडली. दोन्ही बाजूंना तिवरं. भरती होती म्हणून त्यांची खोडं पाण्यात बुडालेली आणि पानं थेट पाण्याला टेकलेली. एक फाटा, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा आणखी अरुंद. मुळांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. सगळ्या शहराने या झाडांच्या पायाशी आपापला कचरा आणून टाकलाय आणि ती झाडं तरी हिरवीगार. मला त्यांचाही राग आला. कशाला इतकं सोसायचं?

पुढे काका गाईडगिरी करत होते. हे केरळपेक्षा भारी आहे, उगाच लोक पैसे घालून तिकडे जातात. प्रत्येक पक्ष्याला फ्लेमिंगो म्हणत होते. एका साध्या बगळ्यालाही म्हणाले. काकू त्यांच्या शेजारी गप्प बसली होती. काकू एरवीही गप्पच असते. तिने घरातून थालीपीठं करून आणली होती आणि डबा मांडीवर ठेवून ती पाण्याकडे बघत होती.

आई मात्र हळूहळू बदलत गेली. आधी ती खाली मान घालून बसली होती. मग तिने हात बाहेर काढून पाण्यात बोटं बुडवली. मग मला कोपराने ढोसलं, तो बघ खंड्या. मी बघितलं नाही. मी रुसले होते, या वयात. ती आपली बोलतच राहिली, की तिच्या गावी अशाच फाट्यांत शिरून तिचे वडील कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायचे, की मुळांची बोटं चिखलातून वर येतात ती झाडाला श्वास घ्यायला, की वास अगदी तोच आहे. तिचा चेहरा उजळला होता. आणि मला आणखी भडकायला झालं, कारण हे एवढंसं मिळालं तरी तिला पुरत होतं.

शेवटी आम्ही एका जागी पोचलो जिथे पाणी तिन्ही बाजूंनी झाडांनी वेढलं होतं. दादांनी इंजिन बंद केलं. एवढी शांतता बोरिवलीपासून हाकेच्या अंतरावर असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. वारा नाही, पाण्यावर सुरकुती नाही. दादा म्हणाले, करा काय करायचं ते, पाणी आता उतरायला लागेल.

काका उठून उभे राहिले. होडी हलली, ते सावरले, खाकरले. भावजयीने पिशवी उघडून मांडीवर घेतली. काकांनी हात जोडले आणि सुरू केलं. बा देवा म्हाराजा, आज आम्ही सर्व कुटुंबीय या ठिकाणी एकत्र जमलेलो आहोत. आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. सर्वांना सुख-समृद्धी आणि उत्तम आरोग्य लाभो. व्हय म्हाराजा. निरोपसमारंभाचं भाषण चाललं होतं नुसतं. मग ते मालवणीवर आले, कारण गाऱ्हाण्याला मालवणीच पाहिजे हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि तिथे गाडी अडकली. ‘जाणता अजाणता काय...’ म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले. पुढचं आठवेना. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये कोण गाऱ्हाणं घालतं? बाबा घालायचे तेव्हा हे मागे उभे राहून नुसतं व्हय म्हाराजा म्हणायचे.

आमच्याकडे अर्धं गाऱ्हाणं सोडत नाहीत. देवाला हाक मारून मध्येच गप्प बसणं म्हणजे कुणाच्या दारावरची बेल वाजवून पळून जाणं. सगळ्यांना हे माहीत होतं. भावाने फोन खिशात ठेवला. काका घाम पुसायला लागले. मी मनातल्या मनात म्हटलं, वाट लागली, बरी जिरली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

‘जाणता अजाणता काय चुकला-माकला आसात, ता पोटात घे रे म्हाराजा.’

आई बसूनच होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले. आम्ही सवयीने व्हय म्हाराजा म्हटलं आणि मग सगळ्यांनी मागे वळून बघितलं. आमच्या घरात बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. बाई ओटी भरते, नैवेद्य करते, गाऱ्हाणं पुरुष घालतो. काकांचं तोंड उघडं राहिलं. पण ते अडवणार तरी कसे, त्यांनी स्वतःच अर्धवट टाकलं होतं ना. आणि आईला एकूण एक शब्द पाठ होता. जन्मभर ती बाबांच्या शेजारी उभी होती.

‘वाटेत कोण आडवो इलो आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा.’

व्हय म्हाराजा.

‘ह्या घरातलो कर्तो पुरुस गेलो. तेचा आयुष्य तेवढाच होता रे म्हाराजा.’

व्हय म्हाराजा. हे बाबांच्या गाऱ्हाण्यातलं नव्हतं. हे तिचं होतं.

तिने डोळे उघडले आणि सरळ काकांकडे बघितलं.

‘तो गेलो, तेच्यात तेच्या बायलेची काय चूक नाय रे म्हाराजा.’

या वेळी व्हय म्हाराजा आलं नाही. झाडातून पाण्यात काहीतरी पडलं, तेवढाच आवाज. गाऱ्हाण्याला उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणता येत नाही, आणि आई पुढचं म्हणणार नव्हती हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं. दादा म्हणाले, मावशी, पाणी उतरतंय, होडी चिखलात बसेल. आई हलली नाही. काका म्हणाले, वहिनी, हे काय आता भलतंच. आईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात, जराही न चढवता. आयुष्यभर मी ओरडून जे करत आले ते ही बाई बसल्या जागी करत होती.

मी म्हणणार होते. देवाशपथ, मी मोठ्याने म्हणणार होते, पण माझ्या आधी काकू म्हणाली.

‘व्हय म्हाराजा.’

काकूचा आवाज इतका स्पष्ट मी पहिल्यांदाच ऐकला. ती काकांकडे बघत नव्हती. काकांना दोन वर्षांपूर्वी हार्टचा झटका येऊन गेलाय, आणि काकू तेव्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर काय विचार करत बसली असेल हे मला त्या होडीत कळलं. मग भावजय म्हणाली. भाऊ म्हणाला, उशिरा का होईना म्हणाला. मी म्हणाले. राहिले काका. तिवरांच्या खोडांवर पाण्याची ओली रेघ वर दिसायला लागली होती, म्हणजे पाणी खरंच खाली चाललं होतं. काका मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

‘खाडयेक आयकाक येवक नाय, भावोजी,’ आई म्हणाली.

काकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी वेडंवाकडं बोलणार आणि मग मी खरंच ढकलणार. ते आईकडे बघत राहिले, मग काकूकडे, आणि मग म्हणाले, चांगलं मोठ्याने म्हणाले. समोरच्या झाडातून बगळे उडाले.

आईने हात पुढे केला. भावजयीने पिशवी माझ्या हातात दिली, मी आईला दिली. तिने खण पाण्यावर ठेवला, त्यावर तांदूळ, मग नारळ अलगद सोडला. बांगड्या एकेक करून सोडल्या. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. ती पाण्याशी काहीतरी बोलली ते मला ऐकू आलं नाही. दादांनी इंजिन चालू करायला दोरी हातात घेतली होती, पण ते थांबले.

आई करंड्याला झाकण लावत होती तेव्हा काकू डबा बाजूला ठेवून उठली. हलत्या होडीत बाकांना धरत धरत मागे आली आणि आईसमोर बसली. आपल्याकडे विधवेच्या हातून कुंकू घेत नाहीत, हे काकूला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिचा नवरा समोर बसून बघत होता.

‘ताई, मला लावा,’ ती म्हणाली आणि कपाळ पुढे केलं.

काकांसमोर जिचा आवाज हलला नव्हता त्या माझ्या आईला आता करंड्याचं झाकण उघडता येईना. मी करंडा खालून धरला आणि झाकण काढलं. तिने बोट कुंकवात बुडवलं, वर नेलं, आणि मध्येच थांबली.

‘लावा ना,’ काकू म्हणाली.

आणि आईने लावलं.